कुलूप डायलला असतं

"गजभिये सर आपल्या मुलांना फोन हॅक करायला शिकवतात," असा मेसेज मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सकाळी, एमआरटीच्या गाडीत, उभ्या उभ्या, पुढे टाळ्यांची चिन्हं लावून. मेसेज कौतुकाचा होता, हे मी तेव्हापासून सांगतो आहे. अजून कोणाला पटलेलं नाही.

आमचं मराठी मंडळ पुंगोलच्या बाजूचं, लहानसं. सभासद बहुतेक बँकांत, ऑडिटमध्ये नाहीतर माझ्यासारखे अकाउंट्सवाले. म्हणजे जोखमीचं नाव काढलं की ज्यांची झोप उडते अशी जमात. त्यात कोणाचा पीआरचा, म्हणजे या देशात कायम राहायचा, अर्ज अडकलेला, कोणाचा कामाचा पास रिन्यूअलला. अशा लोकांच्या हातात मी सकाळच्या चहाबरोबर 'मुलं' आणि 'हॅक' हे दोन शब्द एका ओळीत दिले. ऑफिसात पोचायच्या आत अध्यक्ष पटवर्धनांचा फोन आला. पटवर्धन एका बँकेत कम्प्लायन्सला आहेत. दुसऱ्यांनी नियम पाळले की नाही हे बघणं हा त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग, आणि रविवारी ते तोच हौसेनं करतात.

"दिवेकर," ते म्हणाले, "हे तुम्ही लेखी कशाला दिलंत?"

सरांचा वर्ग बंद पडायची वेळ आली ती अशी.

वर्ग रविवारी सकाळी भरायचा. खोली मंडळाच्या नावावर घेतलेली, आणि वर्गाचं नाव सरांनी ठेवलेलं: 'फोन उघडा'. जन्मल्यापासून काचेवर बोट फिरवणारी आमची मुलं तिथं काळे, जड, गोल डायलचे फोन खोलून बसायची. माझी मुलगी इरा घरी मराठी वाचायला सांगितलं की "व्हाय, पप्पा?" विचारते, पण रविवारी ती माझ्या आधी तयार असायची. सर शिकवायचे ती मराठी अस्सल नागपुरी. त्यामुळे इरा आता पुण्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर "काय करून राहिली तू?" असं विचारते. आजीनं हे मनाला लावून घेतलं आहे.

सर मूळचे नागपूरचे. इथे टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांचे इंजिनिअर म्हणून आले आणि ती यंत्रं भंगारात गेल्यावरही राहिले. पत्नी गेल्या, मुलगी लग्न होऊन नागपुरातच. यिशुनच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहायचे. म्हणजे एकटे आणि उघडी पडलेली यंत्रं. त्यांच्या घरात झाकण लावलेली वस्तू मी पाहिली नाही. फ्रीजचासुद्धा मागचा पत्रा काढलेला. "बंद डबा माझ्या घरात राहत नाही," म्हणायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर.

आमची पहिली भेट मंडळाच्या कार्यक्रमात झाली. भाड्यानं आणलेल्या साउंड सिस्टिमवर 'हात लावू नका' असा कागद चिकटवला होता, आणि एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कोपरापर्यंत तिच्या आत होते. मी कार्यकर्त्याच्या उत्साहात म्हणालो, "काका, हात लावू नका असं लिहिलंय."

त्यांनी हात बाहेर काढला नाही. नुसतं वर पाहिलं. "वाचलं ना मी. हात लावू नका असं दिसलं, की मी आधी हात लावतो. आमच्या घराण्याला ते शिकाले लई पिढ्या लागल्या, भौ."

मी हसलो. विनोद समजून, चांगला मोठ्यानं हसलो. घरी जाताना ट्रेनमध्ये कळलं की तो विनोद नव्हता. आता हसणं परत कसं घ्यायचं, हे कोणत्याच अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये नाही.

तरी त्यांनी मला जवळ केलं. का, ते मला ठाऊक नाही. बिघडलेल्या वस्तूंची त्यांना आवडच होती. ओळख झाल्यावर त्यांचे मिस्ड कॉल सुरू झाले. आता इंटरनेटवरून बोलायला पैसे पडत नाहीत, पण सर बोलायचे नाहीत, रिंग द्यायचे. सकाळी एक रिंग: मी उठलो, बरा आहे. दोन रिंगा: तुमच्या ब्लॉकखाली आहे, खाली या. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी रोज सकाळी धावत जाऊन फोन उचलायचो आणि "हॅलो, हॅलो सर" करायचो. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग म्हणाले, "उचलाचा नसते ना बाप्पा. अख्ख्या हिंदुस्थानानं मिळून एवढी मोठी युक्ती काढली, अन् तुम्ही उचलून तिचा सत्यानाश करून राहिले."

मिस्ड कॉल हा आपल्या लोकांचा ब्लू बॉक्स, हे त्यांचं आवडतं मत. ब्लू बॉक्स म्हणजे काय, हे मुलांना सांगताना त्यांचा आवाज चढायचा. जुन्या काळी माणसाचं बोलणं आणि यंत्राचे हुकूम एकाच तारेतून जायचे. लाइन मोकळी झाली, हे एक एक्स्चेंज दुसऱ्याला एका विशिष्ट सुरात सांगायचं. अमेरिकेत एका आंधळ्या पोराच्या लक्षात आलं, की तोच सूर आपण शिट्टीत काढला की यंत्र फसतं. कोणाला तो सूर खाऊच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीत सापडला. मग पोरांनी घरच्या टेबलावर तसे सूर काढणारे डबे बनवले आणि त्यांच्यातून जगभर फोन फिरवले. "मालकाचा हुबेहूब आवाज काढता आला, की नोकर दार उघडते," सर सांगायचे. "मग कंपन्या शहाण्या झाल्या. हुकूम वेगळ्या तारेनं पाठवू लागल्या. अन् आमची शिट्टी नुसती शिट्टी राहिली."

'आमची' म्हणायचा त्यांना हक्क होता. कॉलेजच्या हॉस्टेलात असताना त्यांनीही एक डबा बनवला होता. लायब्ररीत एका परदेशी मासिकातली आकृती डोळ्यांनी पाठ करायची आणि खोलीवर येऊन कागदावर उतरवायची, असं करत करत. भाग जुन्या रेडिओचे, खोका साबणाचा, रंग निळा. तो रंग मात्र सायकलच्या दुकानातला. सर्व तयारीनिशी त्यांनी ट्रंक कॉल बुक केला, लाइन लागल्यावर डबा माउथपीसला लावला आणि बटण दाबलं.

तिकडून ऑपरेटरबाई म्हणाल्या, "कोण शिट्ट्या मारून राहिला रे? आया-बहिणी नाहीत का घरी?"

आपल्याकडची यंत्रं त्या सुराला ओळखतच नव्हती. डब्यातून एकही फोन कधी लागला नाही. सर हे मला हसत सांगायचे, पण दार लावून. मुलांना त्यांनी सांगितलं नव्हतं.

हॉस्टेलातली दुसरी गोष्ट मात्र मुलांना तोंडपाठ होती. रेक्टरच्या टेबलावरच्या फोनच्या डायलला एक छोटं पितळी कुलूप असायचं, पोरांनी फोन करू नये म्हणून. एके दिवशी रेक्टरचीच चावी हरवली, आणि घरून निरोप आलेला की बायकोला कळा सुरू झाल्या, गाडी पाठवा. ते गजभियांकडे आले. "तुला कुलूप न काढता फोन लावता येतो म्हणतात." गजभियांनी रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायचं बटण बोटानं टकटकवलं. चार आकडा हवा तर चार टकटक, शून्याला दहा, मध्ये जरा दम घ्यायचा. डायल तरी दुसरं काय करते? गाडी गेली, मुलगा झाला, हॉस्टेलात पेढे आले. दुसऱ्या दिवशी रेक्टरनी गजभियांना महिनाभर खोलीबाहेर पडायची बंदी घातली; ही विद्या तुला आलीच कशी, म्हणून.

"पेढा खाल्ला का तुम्ही, सर?" मुलं विचारायची.

"दोन खाल्ले. कुलूप डायलला असतं, पोरांनो. लाइनला नसतं."

तर माझ्या मेसेजनंतर पटवर्धनांनी सरांना बोलावलं. त्याच खोलीत, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. पटवर्धन वाईट माणूस नाहीत. सौम्यपणे म्हणाले, "सर, तीनच गोष्टी. वर्गाचं नाव 'दळणवळणाचा इतिहास' करू. त्या निळ्या डब्याची गोष्ट वर्गात नको. आणि एक छोटंसं हमीपत्र. पालक घाबरलेत, मला काहीतरी दाखवावं लागेल."

"हे तिन्ही केलं तर वर्गात राहिलं काय?" सर म्हणाले. "मी चोरी नाही शिकवत, साहेब. कुलूप कसं बनते ते शिकवतो. ज्याले कुलूप समजत नाही, तो जन्मभर चावीवाल्याच्या मागं फिरते."

"पण असे डबे बेकायदा होते ना?"

"होते ना. म्हणून तर सांगून राहिलो पोरांना, हे बेकायदा होतं, अन् त्याच्यामुळंच कंपन्यांना शहाणं व्हावं लागलं."

पटवर्धनांनी कपाळाला हात लावला. वर्ग डोळ्यांदेखत चालला होता, आणि तो माझ्यामुळे चालला होता. मला मदत करायची अनावर इच्छा झाली. माझ्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं या इच्छेतून झाली आहेत.

"अहो, तुम्ही उगाच घाबरताय," मी म्हणालो. "सरांचा डबा कधी चाललाच नाही. एक फोन लागला नाही त्यानं."

पटवर्धनांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला की. सर, तेवढं एका ओळीत लिहून द्या. डबा निकामी आहे."

सर उठले. बुटक्या खुर्चीवरून उठताना त्यांचे गुडघे वाजले. "चालला नाही, खरं आहे. पण चालावा म्हणून बनवला होता. तो चालला नाही म्हणून मला माफ करा, असं मी लिहून देणार नाही."

मी त्यांच्या मागे पळत खाली गेलो. इमारतीच्या तळाशी मोकळ्या सोडलेल्या जागेत, व्हॉइड डेकवर, त्यांनी मला थांबवलं. "दिवेकर भौ, माणसाची चोरी उघडी केली तर चालते. माणसाचं न जमलेलं काम उघडं करत नसतात."

मंडळानं खोली काढून घेतली. सकाळची रिंगही थांबली. कधी नव्हे तो मी फोन न उचलता नुसता हातात धरून बसायला शिकलो. इरा जेवताना माझ्याशी इंग्रजीतही बोलेना.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी दोन रिंगा वाजल्या. मी चपला उलट्यापालट्या घालून खाली गेलो. सर ब्लॉकखाली बाकावर बसले होते, शेजारी पोत्यात तीन फोन.

"दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या लाइनीवर शिकवलं, ही आपली चूक," ते म्हणाले. "चला, स्वतःची लाइन टाकू. स्वतःच्या लाइनीत शिट्टी माराले कोणाची परवानगी लागते?"

पुलाउ उबीन बेटावर त्यांचा एक जुना मित्र होता, अंकल लिम. सायकली भाड्यानं द्यायचा धंदा आता मुलाला दिलेला, कोंबड्या स्वतःकडे ठेवलेल्या. त्याच्या कांपोंगातल्या, म्हणजे जुन्या खेड्यातल्या, घराला ऐसपैस अंगण, मागे तळं, पलीकडे फणस. या तीन ठिकाणी तीन फोन, आणि अंगणात प्लायवूडच्या फळीवर सरांनी स्वतः जोडलेलं एक्स्चेंज, मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारं. कुठलाही आकडा फिरवला की ते पावसाळ्यातल्या बेडकासारखं टकटक करायचं.

"वॉन्ट टेलिफोन, यूज हँडफोन लाह," अंकल लिम इथल्या पद्धतीचं 'लाह' शेपटाला लावून म्हणाला.

"हँडफोन नॉट माइन," सर म्हणाले. "धिस वन माइन."

वायर वाहायचं काम माझ्याकडे होतं. बेटावर नेणाऱ्या लाकडी बमबोटीतून उतरून मी सायकलच्या कॅरिअरवर बंडल बांधलं आणि जोरात निघालो. अंकल लिमच्या अंगणात पोचलो तेव्हा कॅरिअरवर काही नव्हतं. टोक जेट्टीच्या कठड्यात अडकलेलं आणि मागे रस्ताभर लाइन टाकलेली. एक रानडुक्कर ती हुंगत उभं होतं. सर म्हणाले, "काम पक्कं केलं. रस्ता तेवढा चुकला."

सुरुवातीला इरा आणि आणखी दोन मुलं यायची, आईबापांसह. इरानं वर्गाचा नवा ग्रुप काढला. ॲडमिन ती. मलाही घेतलं, कारण बोटीचे निरोप मला द्यावे लागायचे. हळूहळू मुलं वाढली. मंडळाच्या ग्रुपवर याबद्दल कोणी अक्षर लिहीत नव्हतं. लोक सुधारले होते.

आणि एका रविवारी पटवर्धन आले. हेल्मेट, सायकलस्वाराची चड्डी, सोबत मुलगा. "हा जेवताना सारखा टेबलावर टकटक करतो," म्हणाले. "मी फक्त पाहणीला आलोय. अधिकृतपणे नाही."

सरांनी खिशातून एक छोटं पितळी कुलूप काढून त्यांच्या हातात ठेवलं. "लावा डायलला. चावी तुमच्या खिशात."

पटवर्धनांनी कुलूप लावलं, कम्प्लायन्सच्या माणसासारखं दोनदा ओढून पाहिलं आणि चावी चड्डीच्या चेनच्या खिशात बंद केली. सरांनी त्यांच्या मुलाकडे नुसती मान हलवली. पोरानं रिसीव्हर उचलला, जीभ दातांत धरली आणि टकटक सुरू केली. फणसाखालचा फोन खणखणला. पटवर्धनांनी आधी फणसाकडे पाहिलं, मग खिसा चाचपला, मग कुलूप. ते जागच्या जागी होतं.

"चोरी कुठं झाली सांगा, साहेब," सर म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून निळा डबा काढला. मी तो तोवर फक्त यिशुनला, बंद दाराआड पाहिला होता. रंगाचे पोपडे निघालेले, पण बटणं नवी. एक्स्चेंजच्या फळीकडे बोट करून ते मुलांना म्हणाले, "या यंत्राले मी एक जास्तीचा कान बसवला आहे. जुन्या सुराचा." आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "हा डबा आजपावेतो चालला नाही. हिंदुस्थानातही नाही, इथंही नाही. याचा सूर समजणारं यंत्रच मला कधी भेटलं नाही. म्हणून ते बनवलं."

मी काही बोललो नाही. या गोष्टीची कोणीतरी नोंद घ्यावी.

त्यांनी डबा माउथपीसला लावला. बटण दाबलं, बारीक, तीक्ष्ण शिट्टी गेली. फळीवर एक जोराचा 'टक' झाला आणि लाइन मोकळी झाली. कोंबड्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. त्यांनी दुसरी बटणं दाबली, एकामागून एक, सावकाश. तळ्याकाठी घंटा वाजली.

तिथे इरा बसली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं फोन उचलला आणि तिचा आवाज अंगणात आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हॅलो? ए, कोण शिट्टी मारून राहिला?"

सर इतके हसले की रिसीव्हर त्यांच्या हातातून सुटून वायरीवर लोंबायला लागला. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला. तिकडे इरा ओरडत होती, "हॅलो, स्पीक लाह."

परतताना बमबोटीत पटवर्धन म्हणाले, "मंडळाचा या उपक्रमाशी काही संबंध नाही, असं मी मिनिट्समध्ये लिहिणार आहे." बोट चांगीला लागता लागता त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

सरांचे गुडघे पुढे थकले. बमबोटीत चढता-उतरता येईना, मुलगी नागपूरहून रोज फोन करी; खरा, उचलायचा फोन. शेवटी ते जायला तयार झाले. एक्स्चेंज आणि तिन्ही फोन अंकल लिमच्या अंगणात राहिले, इराच्या ताब्यात. तिचं वय बघता वर्ग टिकेल का, ही धाकधूक त्यांना होती आणि मलाही. वर्गाचा ग्रुपही बरेच दिवस गप्प होता. मुलांच्या परीक्षा असतील, असं मी त्यांना सांगितलं.

चांगी विमानतळावर इरा आणि मी त्यांना सोडायला गेलो. सामान देताना काउंटरवरच्या मुलीनं निळ्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "अंकल, धिस वन व्हॉट?"

सर तोंड उघडणार एवढ्यात मी पुढे झालो. मदत म्हणून. "नथिंग, नथिंग," मी म्हणालो. "ओन्ली फॉर फोन हॅकिंग. व्हेरी ओल्ड टाइप."

दोन गणवेशवाले आले. मागची रांग दुसऱ्या काउंटरला गेली. सरांनी शांतपणे खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, तोही गणवेशवाल्यांनी टेबलावर ठेवून घेतला, पण आधी त्यानं डबा उघडू दिला. आत जुन्या रेडिओचे तुकडे, सेलची जागा रिकामी. सरांनी दोघांतल्या तरुण अधिकाऱ्याला आंधळ्या पोराची गोष्ट सांगितली, खाऊच्या शिट्टीची सांगितली. पोरगा काउंटरवर कोपर टेकून ऐकत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "स्टिल कॅन वर्क, अंकल?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ मिटून घेतले.

"कॅन," ते म्हणाले. "आय हॅव अ लाइन. पुलाउ उबीन."

डबा त्यांना परत मिळाला. स्क्रूड्रायव्हर इराला. तो तिनं तिथल्या तिथे खिशाला लावला, मूठ बाहेर ठेवून, अगदी सरांसारखा. सर आत जायला वळले, दोन पावलं गेले, आणि परत आले.

"पोरी, वर्ग बंद पडू द्यायचा नाही. कोणी खोली दिली तरी घ्यायची नाही. अन् सगळ्यात आधी तुझ्या बापाले ग्रुपमधून काढ."

इरा म्हणाली, "काढून दोन महिने झाले, सर. ही डिडन्ट इव्हन नोटिस, लाह."